रिकामा कोपरा

साडू हे नातं कुणी मागून घेत नाही. बायको आपण निवडली असं निदान म्हणता येतं. साडू मात्र बायकोच्या धाकट्या बहिणीबरोबर आपसूक येतो, आणि एकदा आला की प्रत्येक जेवणाला आपल्याच शेजारी बसतो. नंबरचा साडू सहा महिन्यांपूर्वी बदली होऊन याच गावात आला होता, आणि वाईट याचं की तो आला होता सगळ्यांना आवडण्यासाठी.

नंबर हे अर्थातच टोपणनाव. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत पंधरा वर्षं तो काचा घासून चौकटीत बसवत होता. कुणाच्याही चष्म्याकडे नुसतं बघून 'उजवा पावणेतीन, डावा सव्वातीन' असं सांगायची त्याला खोड होती, आणि बहुतेकदा ते बरोबर निघायचं. तिरक्या नंबराची काच दोन-चार अंशांनी जरी फिरली तरी माणसाचं डोकं चढतं. त्यामुळे काम करताना तो श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. चुका करणाऱ्यांविषयी त्याच्या मनात फारशी दया नव्हती.

साडू होता पंपांचा मेकॅनिक, पाणीपुरवठ्याच्या खात्यात. आल्या आल्या त्याने सासूबाईंच्या घरचा पंप दुरुस्त केला, जो नंबरने दोन वर्षं 'बघतो' म्हणून ठेवला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून तो मिनिटभर ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "बेअरिंग गेलंय." तेवढंच. तेव्हापासून सासूबाई फोनवर 'धाकट्या जावयांनी' अशी सुरुवात केल्याशिवाय हवापाण्याचंही बोलत नव्हत्या.

इथवर नंबरने सहन केलं. पण सायकलच्या गटात साडूला आणायची बुद्धी त्याला स्वतःलाच झाली होती, हे त्याला रात्री झोपू देत नव्हतं.

गट दहा वर्षांपूर्वी मास्तरांनी काढला. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. दरवर्षी गटाच्या वाढदिवसाला रात्रीची फेरी निघायची: सायकलींना दिव्यांच्या माळा, आऱ्यांत रंगीत कागद, शेतांमधून वीस-बावीस किलोमीटर, मध्ये कुठेतरी खाणंपिणं आणि परत. सगळ्यांत पुढे मास्तर, त्यांच्या हँडलला पितळी घंटा. मागोमाग नऊ वर्षं नंबर. यंदा मास्तरांचा गुडघा बोलायला लागला होता, आणि त्यांनी महिनाभर आधी जाहीर केलं होतं की यंदापासून घंटा दुसऱ्या कुणालातरी देणार. 'दुसरा कुणीतरी' म्हणजे कोण, याबद्दल नंबरला शंका नव्हती. त्याने हँडलवर घंटेपुरती जागाही करून ठेवली होती. दिवा दीड इंच डावीकडे सरकवून.

संध्याकाळी साडेसातला बेकरीसमोर बावीसजण जमले. साडूने आपल्या सायकलच्या मागे बांबू उभा करून त्यावर कागदी मासा लावला होता. माशाच्या पोटात दिवा, आणि पेडल मारलं की शेपूट हलायची. लोक हातभर लांबून फोटो काढत होते.

"कसं जमवलंस रे हे?" नंबरच्या बायकोने विचारलं.

"काही नाही ताई, जुन्या वायपरची मोटर," साडू म्हणाला. "तुमच्या बहिणीनं मासा रंगवला. डोळा जरा तिरळा झालाय, पण साडूभाऊ आहेत ना, चष्मा बसवून देतील."

सगळे हसले. बायकोही हसली. नंबरने आपल्या सायकलकडे पाहिलं. एकशे वीस दिवे, प्रत्येकी आठ सेंटीमीटर अंतरावर, मोजून लावलेले. कुणी त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

मास्तर पुढे आले. "हे बघा, भाषण नको. गुडघा दुखतोय. आज घंटा याच्याकडे," असं म्हणून त्यांनी घंटा साडूच्या हँडलवर अडकवली. "आजच्या रात्रीपुरती. जमलं तर कायमची."

टाळ्या पडल्या. नंबरनेही वाजवल्या, दोन.

"नंबर, तू वाईट नको वाटून घेऊ," मास्तर हळूच म्हणाले. "मी आज मागे राहतोय, तुझ्या बायको आणि मेहुणीसोबत. तू आहेस म्हणून मला कोपऱ्यांची काळजी नाही."

"वाईट कसलं, मास्तर," नंबर म्हणाला.

कोपऱ्यांचं म्हणजे असं. अंधारात बावीस सायकली एका ओळीत राहत नाहीत. दीड-दोन किलोमीटर पसरतात. म्हणून गटाचा एक नियम होता. वळण आलं की सगळ्यांत पुढे असलेला हात करून दिशा सांगतो, आणि त्याच्या लगेच मागे जो असेल तो त्या कोपऱ्यावर उतरून उभा राहतो, जायच्या दिशेला हात करून. सगळे जाईपर्यंत हलायचं नाही. सगळ्यांत शेवटी येतो तो 'झाडू': मागे पडलेल्यांना गोळा करणारा, लाल दिवा, पंप आणि पंक्चरचं सामान बाळगणारा. झाडूने 'सगळे आले' म्हटलं की कोपरा सुटतो. गेली चार वर्षं झाडू होती नंबरची बायको. आणि नियम, सगळेच्या सगळे, नंबरने लिहिले होते.

"साडू पुढे, झाडू मागे!" बेकरीवाला ओरडला. "सगळं घरातल्या घरात! नंबर, तुमच्याच घरची फेरी झाली की ही!"

निघाल्यावर नंबर साडूच्या मागे तिसरा राहिला, हट्टाने. पहिल्या वळणावर दुसऱ्या जागी बेकरीवाला होता, तो उतरला. दुसऱ्या वळणाआधी नंबरने ब्रेक लावून दाताच्या डॉक्टरबाईंना पुढे जाऊ दिलं, त्या उतरल्या. हिशेब सरळ होता: उतरलं की झाडूबरोबर मागे पडायचं, आणि त्याला पुढेच राहायचं होतं. साडू कुठे चुकतो ते बघायला.

पण साडू चुकत नव्हता. चढावर वेग आवरत होता, खड्डा आला की घंटा एकदा, समोरून गाडी आली की दोनदा वाजवत होता. मध्येच गायला लागला आणि मागच्यांनी धरलं. नऊ वर्षांत मास्तरांच्या मागे कुणी गायलं नव्हतं. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं होती, थंड मातीचा वास होता, आणि पुढे तो मूर्ख मासा शेपूट हलवत अंधारातून पोहत होता. खरं सांगायचं तर ते दृश्य सुंदर होतं. नंबरला तेच सर्वांत जास्त झोंबलं.

कालव्याच्या पुलाशी रस्ता फुटतो. तिथे पोहोचताना नंबरने मागे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की गाण्याच्या नादात मधली माणसं शंभर पावलं मागे राहिलीत. साडूच्या लगेच मागे तो एकटाच होता.

साडूने डावीकडे हात केला. "साडूभाऊ, हा कोपरा तुमचा!"

मालक नोकराला सांगतो तसं ते नव्हतं. अगदी मोकळ्या आवाजात, हसत सांगितलेलं. नंबरला मात्र ते तोंडात मारल्यासारखं लागलं. तो उतरला. मैलाच्या दगडाला सायकल टेकवली, डावा हात लांब केला.

एक एक करत माणसं गेली. "शाब्बास नंबर!" "हात दुखला तर बदलू का?" असं म्हणत. त्याने मोजली. साडू आणि तो स्वतः सोडून वीस जायला हवेत. सतरा गेले. राहिले मास्तर, मेहुणी आणि झाडू, म्हणजे त्याची बायको.

मग कुणीच येईना. त्याने चष्मा काढला, खिशातल्या पिवळ्या फडक्याने पुसला, फडकं दगडावर ठेवलं, घड्याळ पाहिलं. एक मिनिट. दोन. मागचा रस्ता काळा कुळकुळीत. पुढून, शेतांपलीकडून, घंटा ऐकू आली आणि तिच्यामागे सतरा माणसांचा हशा. काहीतरी विनोद झाला होता. कुणी केला असणार ते सांगायची गरज नव्हती.

तिघं गप्पा मारत रमतगमत येत असतील, नंबरने स्वतःला समजावलं. मेहुणी बरोबर आहे म्हणजे चाललं असेल साडूपुराण. आणि मास्तरांना काय सांगायचं? मास्तरांना हा रस्ता पाठ आहे. डोळे बांधून सोडलं तरी येतील.

आणि नाहीच आले, तर? तर लोक म्हणतील, पुढचा फार वेगात सुटला. हा विचार त्याने पूर्ण केला नाही. अर्धाच ठेवला. पण टाकूनही दिला नाही.

चार मिनिटं झाल्यावर तो सायकलवर बसला आणि डावीकडे निघाला.

खाण्याचा थांबा जुन्या गिरणीच्या अंगणात होता. बेकरीवाल्याच्या माणसांनी झाडांवर दिवे टांगले होते. लांब टेबलावर पाव, भाज्यांचं गरम सूप, पातेलंभर कोको. नंबर शिरला तेव्हा साडू पाव वाढत होता.

"आले का सगळे?" बेकरीवाल्याने विचारलं.

"येतायत मागून," नंबर म्हणाला. वाक्य खोटं नव्हतं. येतच असणार.

वीस मिनिटं गेली. सूप दुसऱ्यांदा गरम झालं. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, झाडू कुठाय?"

गिरणीच्या बाजूला फोनला रेंज नव्हती. दोघातिघांनी तरी फोन हवेत धरून पाहिले.

"पुलावरून तर पुढे आलेत ना?" बेकरीवाला म्हणाला. "नंबर उभा होता म्हणजे मोजूनच सोडला असणार. मग चुकले ते पुढं, त्या झाडीपाशी. तिथं गाडीवाट आत जाते. तिथं कुणी उभंच नव्हतं!" तो साडूकडे वळला. "वारा प्यायल्यासारखा सुटला होतास तू. मास्तर असते तर तिथंही कोपरा लावला असता."

नंबरचा पाव हातातच राहिला. ज्यासाठी संध्याकाळपासून त्याचा जीव तळमळत होता, ते समोर आपोआप घडत होतं. साडूचा चेहरा उतरला होता.

"खरंय," साडू म्हणाला. "चुकलं माझं. ती वाट मला इतकी लहान वाटली..." आणि हातातली टोपली खाली ठेवून तो सायकलकडे धावला. "मी बघून येतो."

आता गोड वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग नंबरला आठवलं की पूर्वी थांबा इथे नसायचा. नऊ वर्षं तो शाळेच्या मैदानात असायचा, आणि शाळेला जायला पुलावरून उजवीकडे वळावं लागतं, हमरस्ता ओलांडून. गिरणी यंदाच ठरली, साडूच्या सूचनेवरून. त्या बैठकीत नंबर खिडकीबाहेर बघत बसला होता, कारण बोलत साडू होता. मास्तर त्या दिवशी गुडघ्याच्या डॉक्टरकडे होते. त्यांना नुसतं 'थांबा बदललाय' एवढंच कळवलं होतं. रस्ता मास्तरांना पाठ होता, पण तो जुना. हमरस्त्यावर रात्री ट्रक माणसांकडे बघत नाहीत.

"थांब, मी पण येतो!" तो ओरडला.

दोघं सोबत निघाले. झाडीपाशी साडू वेग कमी करू लागला.

"इथं नको. पुलापर्यंत जाऊ," नंबर म्हणाला.

"पण तुम्ही तर पुलावरून..."

"पुलापर्यंत जाऊ म्हटलं ना!"

साडू पेडल मारत राहिला. माशाची शेपूट बंद पडली होती. नंबरच्या डोक्यात फक्त लाल दिवा होता, एकच, आणि तो दिसत नव्हता. बायको आज निघताना काय म्हणाली होती? 'स्वेटर घ्या.' त्याने उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. तो माशाकडे बघत होता.

पुलाच्या अलीकडे तो दिसला. लाल, स्थिर, मैलाच्या दगडाशी.

मास्तर दगडावर बसले होते, मेहुणीची शाल पांघरून. मेहुणी थंडीने उड्या मारत होती. नंबरची बायको रस्त्याच्या मधोमध उभी होती, हाताची घडी घालून.

"मास्तरांचं मागचं चाक पंक्चर झालं," ती म्हणाली. "पंधरा मिनिटं त्यात गेली. इथं आलो तर कोपरा रिकामा."

"जुन्या सवयीनं मी म्हटलं उजवीकडे, शाळेत," मास्तर म्हणाले. "निघालोच होतो. हिनं हँडलच धरलं माझ्या सायकलचं."

"कोपरा रिकामा असेल तर झाडूनं अंदाज करायचा नाही. तिथंच थांबायचं," बायको म्हणाली. "नियम आहे." कुणाचा, ते तिने सांगितलं नाही. तिच्या मनगटाला पिवळं फडकं गुंडाळलेलं होतं.

साडूच्या दिव्याचा झोत त्या फडक्यावर पडला आणि थबकला. दुकानाचं नाव छापलेलं फडकं, साडूच्या स्वतःच्या चष्म्याच्या डबीतही तसलंच होतं. त्याने नंबरकडे पाहिलं. एका सेकंदात, पंपाचा आवाज ऐकावा तसा, त्याला सगळा बिघाड कळला.

"ताई, माझ्यामुळे झालं," साडू पटकन म्हणाला. "माझा दिवा गेला होता. मी फोन करून साडूभाऊंना पुढे बोलावलं. ते नाहीच म्हणत होते. मीच या म्हटलं."

"तू बोलावलंस?" मेहुणी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अकलेचं काय गहाण ठेवलंयस? हा म्हातारा माणूस इथं गारठला!"

"म्हातारा कुणाला म्हणतेस गं?" मास्तर म्हणाले.

"चुकलो," साडू म्हणाला आणि मान खाली घातली.

नंबर सुटला होता. तोंडातून एक शब्द काढायची गरज नव्हती. आणि तिथे, कालव्याच्या पुलावर, त्याच्या अंगाचा असा तिळपापड झाला जसा सहा महिन्यांत कधी झाला नव्हता. याने घंटा घेतली. सासूबाई घेतल्या. गाणं, हशा, टाळ्या, सगळं घेतलं. आणि आता हा माझी चूकही घेऊन चाललाय! उद्या बायकोला कळेल, आणि ती म्हणेल, किती मोठ्या मनाचा. जन्मभर म्हणेल.

"खोटं बोलतोय हा," नंबर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "इथं फोनला रेंज तरी आहे का? कुणी नाही बोलावलं मला. मी आपणहून गेलो. सतरा मोजले, चार मिनिटं थांबलो आणि गेलो. तिघं मागे आहेत हे माहीत होतं मला."

"साडूभाऊ, कशाला..."

"तू गप्प बस रे! चूक माझी आहे. ती तरी माझ्याकडे राहू दे!"

मग मास्तरांना हसू फुटलं. शालीतून खोकत, गुडघा धरून ते हसत राहिले. मेहुणी तोंडावर हात दाबून वळली. बायको हसली नाही. तिने मनगटाचं फडकं सोडलं आणि नंबरच्या खिशात कोंबलं.

"का गेलात?" तिने विचारलं, इतक्या हळू की फक्त त्यालाच ऐकू जावं.

"ते हसत होते. पुढे. मला ऐकू येत होतं."

"मलाही दर फेरीला ऐकू येतं. चार वर्षं मी शेवटीच असते." मग आपला लाल दिवा काढून तिने त्याच्या सीटखाली लावला, पंप आणि सामानाची पिशवी त्याच्या खांद्यावर अडकवली. "परत जाताना झाडू तुम्ही. मला एकदा पुढे जाऊन बघायचंय, काय एवढा हशा असतो ते."

गिरणीत नंबरने सर्वांसमोर सांगितलं. लांबवलं नाही. बेकरीवाल्याने नंबरसमोर सुपाचा वाडगा ठेवला आणि "गार झालंय, तुझ्यामुळेच," म्हणाला. परतीला घंटा मास्तरांनी स्वतःकडे घेतली. गुडघा बोलत होता, पण त्यांना शेवटची फेरी पुढून करायची होती. पुढच्या वर्षापासून ती साडूची, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. आता 'जमलं तर' म्हणाले नाहीत. नंबरने टाळ्या वाजवल्या. यावेळी किती, ते मोजलं नाही. मोजल्या असत्या तर फार भरल्या नसत्या.

शेवटून गाव फार वेगळं दिसतं. पुढचे दिवे लहान होत जातात, गाणं तुकड्यातुकड्यांनी येतं. डॉक्टरबाईंची साखळी दोनदा उतरली. नंबरने दोनदा बसवली आणि त्यांचा चष्मा डाव्या बाजूला कललाय हेही सांगितलं. पुढे, खूप पुढे, एक ओळखीचं हसणं ऐकू आलं. बायकोचं होतं. ती इतकी मोठ्याने हसलेली त्याने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. कुणी हसवलं असेल, या प्रश्नापाशी त्याचं मन जाऊन उभं राहिलं. त्याने ते ओढून परत आणलं. पूर्ण आलं नाही.

पुलाचा कोपरा आला. दगडाशी कुणीतरी उभं होतं. बांबू, मासा, आणि लांब केलेला हात. शेवटच्या माणसाला जाऊन दहा मिनिटं तरी झाली असतील, तरी साडू जागचा हलला नव्हता. हात खांद्याच्या रेषेत, अगदी सरळ. एका अंशाचाही फरक नाही. साधं उभं राहणंही त्याला चांगलं जमत होतं.

नंबर ब्रेक लावून थांबला. साडूने हात खाली केला नाही. झाडूने म्हटल्याशिवाय करायचाच नसतो. क्षणभर नंबरच्या मनात आलं की थोडा वेळ काहीच बोलू नये. राहू दे उभा.

मग तो म्हणाला, "सगळे आले."